शहाण्या पोरांचं शिसं

१

माझ्या सुनेला एक वाईट खोड आहे. तिला सांगून भागत नाही, तिला विचारायचं असतं. मी म्हणाले, पाठ दुखते गं, तर दुसऱ्या घरची सून तेलाची बाटली घेऊन येईल. ही विचारते, "वरची की खालची? डावीकडे की उजवीकडे? पडलात का आई? कुठे पडलात, न्हाणीघरात की जिन्यात?" जिन्यात म्हणावं तर, "चढताना की उतरताना?" तोवर पाठ कंटाळून आपली आपणच बरी होते.

कामच तसं आहे तिचं. मुलांच्या दवाखान्यात मागच्या अंगाला कागदांची खोली आहे, तिथे बसते. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक दुखण्याला आकडे-अक्षरांचा कोड लावायचा. न्हाणीघरात पडलेल्याचा कोड वेगळा, जिन्यात पडलेल्याचा वेगळा. "डॉक्टरांनी लिहिलं नाही ते मी लावत नाही, आणि लिहिलंय ते गाळत नाही," हे तिचं वाक्य मी सहा वर्षं ऐकतेय. आरसाही हिला काही दाखवत असेल तर आधी सही करून मग दाखवत असेल.

तेवढंही मी चालवून घेतलं. पण तिने माझ्या पाठच्या भावाच्या पोटावर पाय दिला, तेव्हा मी तिच्याशी बोलणं टाकलं.

भाऊ लाकडी खेळणी करतो. त्याचा घोडा नाही असं घर आमच्या गल्लीत नाही, म्हणून सगळे त्याला घोडेवालाच म्हणतात. त्या सोमवारी मी त्याचा डबा घेऊन गेले, तर कारखान्याच्या दाराला कुलूप, कुलपावर लाखेचं सील, आणि भाऊ पायरीवर. हातात कुंचला. कुंचल्यावरचा लाल रंग वाळून कडक झालेला.

"ताई," तो म्हणाला, "माझ्या घोड्यांनी पोरांना विष दिलं म्हणे."

दारावर कागद चिकटवला होता. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे, छापलेली अक्षरं वाचते. दवाखान्याच्या तपासणीत गल्लीतल्या चौदा मुलांच्या रक्तात शिसं सापडलं आहे. कारण, रंगीत लाकडी खेळणी. शुक्रवारी सुनावणी. उत्तर समाधानकारक नसेल तर कारखाना कायमचा बंद आणि सगळी खेळणी नष्ट.

त्या चौदांत एक माझी नात होती, भिंगरी.

आणि कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, आधार: दवाखान्याच्या कोड लावलेल्या नोंदी. कोड कोण लावतं ते मला कुणाला विचारायची गरज नव्हती.

२

संध्याकाळी ती घरात आली, चप्पल काढायच्या आत मी विचारलं, "चौदा पोरांना शिशाचा कोड तू लावलास?"

"लावला."

"खेळण्यांमुळे, असंही तूच लावलंस?"

"डॉक्टरांनी चौदाही कागदांवर तसं लिहिलं होतं."

"मामांची खेळणी आहेत हे माहीत असून?"

"आई, कागदावर मामा नव्हते. खेळणी होती."

माझा मुलगा चहाच्या कपात असा बघत होता, जसा काही त्यात बुडालेलं माणूस शोधतोय. दोघींच्या मध्ये बोलायचं नाही, एवढं एक शहाणपण त्याच्याकडे आहे.

"आणि स्वतःच्या पोरीच्या कागदावर?" मी म्हणाले.

"तो सगळ्यांत आधी लावला."

तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालेलं. दहा दिवस तिला माहीत होतं. बोटाला टोचून घेतलेल्या रक्तात आकडा जास्त आला म्हणजे शिरेतून रक्त घेऊन खात्री करायची असते, आणि शिरेची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली होती. त्या तारखेवर डोळे लावून ही बाई रोज कामावर जात होती. मला त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं, मी घाबरीन म्हणून.

पण मी काही विरघळले नाही. "मग कोड बदल. एक खूण तर पुसायची आहे."

"माझ्या मनाने मी बदलणार नाही. उद्या खरोखर विष असेल आणि मी ते मामांसाठी पुसलं असेल, तर भिंगरीला काय सांगू? कागद चुकला असेल तर कुठे चुकला ते कुणीतरी दाखवायला हवं. मी डॉक्टरांना तीनदा लेखी विचारलंय. रक्त बोटाचं की शिरेचं? डाव्या हाताचं की उजव्या? खेळण्यांचं तुम्हाला कुणी सांगितलं? एकदाही उत्तर नाही."

"डावा की उजवा! पोरीच्या रक्तात शिसं आणि तुला हातांची पडलीय! राहू दे, मीच दाखवते."

"तुम्ही?"

"का? चौथी पास आहे मी."

"बाकीच्या तेरा पोरांची नावं मात्र मला विचारू नका. ती मी सांगू शकत नाही."

"तुला कोण विचारतंय?" मी म्हणाले. "गल्लीत मी राहते की तू?"

३

मंगळवारी मी पिशवी उचलली आणि घरोघर गेले. शिशाचं नाव काढायची गरजच पडली नाही. ज्या दारात मी उभी राहीन तिथली बाई आपोआप बोलू लागे. काहींनी घोडे आधीच कचऱ्यात टाकले होते. एकीने तर माझ्या तोंडावर सांगितलं, तुमच्या भावाला गल्लीतून घालवला पाहिजे. मी तिला म्हणाले, "घालव, पण आधी तुझ्या पोराचा कागद दाखव." तिने दाखवला. माझं तोंडच असं आहे, लोक दाखवतात.

न्हाव्याच्या घरी जुळ्या मुली आहेत. एक घर, एक पाणी, एक ताट, दोघींत मिळून एक घोडा, त्याच्यावरून दिवसातून दहा भांडणं. थोरलीच्या रक्तात शिसं. धाकटी स्वच्छ.

मी दारातच बसले. "दोघी घोडा चाटतात?"

"धाकटीच जास्त चाटते," न्हाव्याची बायको म्हणाली. "त्याचा एक कान तिनेच खाल्लाय."

म्हणजे कान खाल्ला ती स्वच्छ, आणि न खाल्ला ती विषारी!

"दवाखान्यात कशा वागल्या दोघी?"

"धाकटीने गोंधळ घातला, दवाखाना डोक्यावर घेतला. थोरली शहाणी. खुर्चीत बसली आणि हाताखालच्या उशीवरची फुलं मोजत राहिली. तुमच्याच हातची ना हो ती खोळ? निळ्या फुलांची?"

माझ्याच हातची. गेल्या महिन्यात दवाखान्यातल्या मावशी, झाडलोट करतात त्या, घरी येऊन शिवून घेऊन गेल्या होत्या. मी मशीनवर बसले होते आणि सुईत दोरा जाईना, तेव्हा सुनेनेच ओवून दिला होता. धुवायला काढता यावी म्हणून एक बाजू मी मोकळी ठेवली होती. ती युक्ती माझी. रक्त घेतात त्या खोली नंबर चारमध्ये येणारं प्रत्येक पोर माझी फुलं मोजतं, हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी तिला टाक्यांबद्दलही चार गोष्टी सांगितल्या. मग पुढच्या घरी गेले.

पुढच्या घरी शांत पोर, शिसं. त्याच्या पुढे रडकं, स्वच्छ. त्याच्याही पुढे रडकं, स्वच्छ. संध्याकाळपर्यंत मी सगळी गल्ली पालथी घातली. चौदाच्या चौदा शांत बसलेली पोरं. ज्यांनी हातपाय आपटले, चावे घेतले, सिस्टरचा चष्मा ओढला, त्यांच्यातलं एकही नाही. माझी भिंगरी तर हूं की चूं न करता बसली होती. मीच शिकवलंय तिला, आपल्या घरातली माणसं चारचौघांत रडत नाहीत.

शेवटचं घर नव्या बिऱ्हाडाचं. त्यांचं पोर चार महिन्यांचं, तपासणीच्या वेळी गाढ झोपलेलं, तरी शिसं. आईने कागद माझ्या हातात दिला. मी बोट ठेवून ठेवून वाचलं. "मूल लाकडी घोड्यावर रोज बसते व घोडा तोंडात घालते."

"घोड्यावर बसतो हा?" मी विचारलं.

"अजून पालथासुद्धा पडत नाही हो," ती रडवेली होऊन म्हणाली. "आणि घोडा आमच्या घरात नाहीच."

४

रात्रीच्या जेवणाला भाऊ आमच्याकडे होता. दंडावर आतल्या बाजूला कापसाचा बोळा चिकटवलेला.

"माझंही रक्त घेतलं," तो म्हणाला. "सील लावणाऱ्या सील लावणाऱ्या साहेबांचा हुकूम. आजच निकाल दिला. स्वच्छ."

मी घास खाली ठेवला. हा माणूस तीस वर्षं रंगात नाक खुपसून बसलाय. त्याच्या नखांत रंग, केसांत रंग. घोड्यांत विष असतं तर सगळ्यांत आधी हा आडवा व्हायला हवा.

सून पाणी वाढत होती. तिने मला नाही, भावाला विचारलं, "मामा, बोटातून घेतलं की शिरेतून?"

"शिरेतून. दुसऱ्या इमारतीत."

ती तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी बोलणं टाकलेलं होतं, म्हणून मी भावाकडे बघून म्हणाले, "कुणाला काही सुचलं असेल तर बोलायला हरकत नाही."

"सुचलेलं मी बोलत नाही," तीही भावाकडेच बघून म्हणाली. "पण कुणी उद्या दवाखान्यात जाणार असेल, तर हातांचं विचारून यावं."

बुधवारी सकाळी मी डॉक्टरच्या खोलीत. पोरसवदा डॉक्टर, कानामागे पेन, एक पाय कायम दाराकडे वळलेला.

"आजी, शिशाने मुलं मंद होतात," तो म्हणाला. "म्हणूनच ती शांत बसली. उलट पुरावाच आहे हा."

"माझी नात मंद? ती तुमच्यासारख्या दोघांना विकून खाईल. बरं, ते राहू द्या. चार महिन्यांचं पोर घोड्यावर बसतं का हो?"

"नाही. का?"

मी कागद पुढे केला. त्याने वाचला. मग उठून दुसरा काढला, तिसरा काढला. चौदा पोरं, चौदा कागद, एकच वाक्य, शेवटच्या टिंबासकट. कान लाल झाले त्याचे. पहिल्या मुलाच्या आईने घोड्याचं सांगितलं होतं. पुढच्यांना विचारायला वेळ नव्हता, म्हणून तेच वाक्य उचलून खाली खाली डकवत गेला होता.

"माझ्या सुनेने तुम्हाला तीनदा विचारलं."

"रोज चाळीस प्रश्न येतात आजी, त्यात..." तो थांबला. मग पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसला. "चुकलंच माझं. खेळण्यांचं आजच दुरुस्त करतो. पण तेवढ्याने तुमची नात सुटत नाही. वाक्य मी उचललं, रक्त नाही उचललं. चौदा मुलांचे आकडे मशीनने दिलेत. ते शिसं कुठून तरी आलंय ना?"

भाऊ अर्धा सुटला होता आणि पोरं तशीच अडकलेली होती.

५

खोली नंबर चार. दाराबाहेर बेसिन, बेसिनवर साबण. आत भिंतीला लावलेली खुर्ची, उजवा हात भिंतीकडे, डाव्या हाताला लाकडी बाजू, तिच्यावर माझी निळी फुलं.

सिस्टर म्हणजे करड्या शिस्तीची बाई. "माझ्या हातून चूक होत नाही," तिने आधीच सांगून टाकलं. मला ती लगेच आवडली. "हात साबणाने धुतल्याशिवाय मी कुणाला आत घेत नाही. धुतलं, खुर्चीत बसवलं, हात उशीवर ठेवला, बोट स्पिरिटने पुसलं, टोचलं."

"कुठला हात?"

"डावा. उजवीकडे भिंत आहे ना."

"आणि रडणारी पोरं?"

"ती कुठली बसतात! आईच्या खांद्यावरच टोचते. मिळेल तो हात."

मी खुर्चीत बसले. पाय दुखत होते म्हणून बसले, पण बसल्यावर बसल्यासारखं वाटलं नाही. शांत पोरं इथे बसतात. रडकी इथे बसत नाहीत. जुळ्यांमधली एक बसली, एक नाही. भावाचं रक्त दुसऱ्या इमारतीत घेतलं. झोपलेल्या तान्ह्याचा हातसुद्धा इथेच ठेवला असणार, मऊ उशी बघून.

मी उशी उचलायला गेले आणि उचलली जाईना. कोळशाची इस्त्री परवडली.

"मावशी!" मी हाक मारली. मावशी फरशी पुसायचं टाकून आल्या. "खोळ माझी. आत काय भरलंत? दगड?"

"दगड कशाला? एक्स-रेच्या खोलीतला जुना काळा झगा होता, चिरा पडल्या म्हणून टाकून दिलेला. म्हटलं, वाया कशाला घालवा? चार घड्या घातल्या. जड आहे ना, पोरांनी ओढली तरी घसरत नाही." त्या खूश होत्या. मलाही त्यांचं काम पसंत पडलं. मीसुद्धा असंच केलं असतं.

तरी मी खोळीच्या मोकळ्या बाजूने हात आत घातला. पोरंही घालत असणार. मोकळं तोंड दिसलं की पोरांचा हात आत गेलाच. बाहेर काढला तर बोटांवर करडी पूड. मी रुमालाला बोटं पुसली आणि घरी आले.

संध्याकाळी रुमाल टेबलावर पडला होता. सुनेने पाहिला आणि सुरू झाली. "हे कुठून आलं? कुठल्या खोलीतून? कशाच्या आतून? रंग काळा होता? जड होता? चिरा कुठे होत्या, वर की घडीवर?"

मी बोलणं टाकलेलं होतं हे विसरून सगळ्यांची उत्तरं दिली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिचा एकेक प्रश्न मला पायरीसारखा वाटत होता. शेवटच्या पायरीवर ती खुर्चीतच बसली.

"आई, एक्स-रेची किरणं अडवायला त्या झग्यात काय भरतात माहीत आहे?"

"काय?"

"शिसं."

मग मला निळी फुलं दिसली. मोकळी ठेवलेली बाजू दिसली, माझी युक्ती.

६

शुक्रवारची सुनावणी मी खोली नंबर चारमध्ये भरवली. डॉक्टरने साहेबांना फोन केला. मी मागे उभी राहून काय बोलायचं ते सांगत होते. साहेब आले, जाड चष्म्याचे. भाऊ आला, नवा शर्ट घालून, जसा काही स्वतःच्या साखरपुड्याला. सिस्टर, डॉक्टर, दारात मावशी. सून कागदांचा गठ्ठा घेऊन भिंतीशी.

"आजी, पुरावा?" साहेब म्हणाले.

"बसा. मशीनला तीन मिनिटं लागतात."

मी बाहेर जाऊन दोन्ही हात साबणाने धुतले, सिस्टरने उभं राहून बघितलं. आत येऊन खुर्चीत बसले. डावा हात उशीवर ठेवला आणि पोरं करतात तसा बोटांनी खोळीच्या तोंडाशी चाळा केला. उजवा हात हवेत धरला, कशाला लावला नाही.

"सिस्टर, आता नेहमीसारखं पुसा आणि दोन्हीकडे टोचा."

"मोठ्या माणसांचं आम्ही..."

"टोचा हो," डॉक्टर म्हणाला.

टोचलं. मी रडले नाही. तीन मिनिटं अशी गेली की भावाने नव्या शर्टाचं एक बटण पिरगाळून काढलं.

मशीन वाजलं. सिस्टरने वाचलं. "उजवा हात, मोजता येणार नाही इतकं कमी." दुसऱ्यांदा वाजलं. तिने वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. "डावा हात... एकतीस."

"आता सांगा साहेब," मी म्हणाले, "एका म्हातारीच्या अंगात दोन रक्तं वाहतात का?"

साहेब उठले आणि उशीकडे गेले. मी सगळं सांगितलं. जुळ्या, रडकी आणि शहाणी, तान्हं पोर, भावाचा दंड. हात धुतात ते बरोबर, पण धुऊन ठेवतात कशावर? स्पिरिट पुसतं, पण शिशाची पूड त्याने निघत नाही. सुई बोटावरची पूड घेऊन थेंबात जाते आणि मशीन बिचारं खरं तेच बोलतं. ते शिसं पोरांच्या अंगात नव्हतंच. बोटावर होतं.

सिस्टर भिंतीला टेकली. दारात मावशींनी तोंडावर हात घेतला. "माझी नोकरी..."

"मावशींनी कचऱ्यातली वस्तू उचलली," मी साहेबांना म्हणाले. "ती कचऱ्यात अशी उघडी कुणी टाकली, ते एक्स-रेच्या खोलीत जाऊन विचारा."

साहेब शहाणे होते. ते म्हणाले, "पटतंय. पण मला शिरेतलं रक्त हवं. चौदाही मुलांचं."

"तीन आठवड्यांनी?" सून भिंतीपासून म्हणाली. एवढंच बोलली.

"आज," डॉक्टर म्हणाला आणि बाह्या वर केल्या.

त्या दुपारी दवाखान्यात चौदा शहाणी पोरं एकदम रडली. शिरेला टोचल्यावर शहाणपण संपतं. भिंगरीने तर असा सूर लावला की रस्त्यावरची माणसं थांबली. मी तिला म्हणाले, "रड गं बाई, हवं तेवढं रड." न्हाव्याची थोरली रडत होती आणि धाकटी, जिला कुणी टोचत नव्हतं, ती सोबत म्हणून रडत होती. बाहेर आया हात घट्ट धरून बसल्या होत्या. सून माझ्या शेजारी होती. तिचा हात बर्फ झाला होता. तो मी धरला, आणि तिने प्रश्न विचारला नाही.

सहा वाजता डॉक्टर चौदा कागद घेऊन बाहेर आला. घाईच्या माणसाला त्या दिवशी एक वाक्य सापडेना. शेवटी म्हणाला, "स्वच्छ. सगळी. एकूण एक."

भावाला घालवा म्हणणारी बाईच पहिल्यांदा त्याच्या पाया पडायला धावली. तो घाबरून खुर्चीमागे लपला. साहेबांनी स्वतः जाऊन सील फोडलं. सील लावताना तपासायला नेलेल्या रंगांचा अहवाल शनिवारी आला, तोही निर्दोष. कचऱ्यात गेलेले घोडे लोक रात्रीच परत उचलून, धुऊन घेऊन गेले होते. साहेब जाताना एक पिवळा घोडा काखेत मारून गेले, नातवासाठी म्हणाले. मी बघत होते, वळणावर पोचेपर्यंत दोनदा त्यांनी त्याची चाकं फिरवली.

७

रविवारी सून टेबलावर कागद घेऊन बसली. डॉक्टरने चौदाही नोंदी आपल्या हाताने दुरुस्त केल्या होत्या, म्हणून आता तिला कोड बदलता येत होते. दवाखान्याने आणखी एक काम तिच्यावर टाकलं होतं. झालं ते सगळं, जसं झालं तसं, लिहून द्यायचं. पुन्हा कुठे असं होऊ नये म्हणून ते सगळ्या दवाखान्यांत जाणार होतं.

ती मोठ्याने वाचत लिहीत होती, मला ऐकू जावं म्हणून. "ठिकाण, खोली नंबर चार. वस्तू, टाकून दिलेला शिशाचा झगा. पूड बाहेर येण्याचं कारण, झग्याला चिरा आणि खोळीची एक बाजू मोकळी. खोळ शिवणाऱ्याचं नाव..."

पेन थांबलं. बाहेर भिंगरी घोड्याला शिस्त लावत होती.

"आई," ती कागदावरून मान न उचलता म्हणाली, "खोळ कुणी शिवली हे मला कुणीच सांगितलेलं नाही. सांगितलं नाही ते मी लिहीत नाही. ही जागा कोरी राहिली तरी चालेल."

मशीनच्या सुईत दोरा ओवून दिलेला तिला आठवत नव्हता? चांगला आठवत होता. हीच ती सून, जिने पोटच्या पोरीला सोडलं नाही, मामाला सोडलं नाही. आणि आता स्वतःच्या नियमात माझ्यापुरतं एक दार उघडं ठेवून मान खाली घालून बसली होती.

तसल्या दारातून वाकून बाहेर पडायची सवय मला नाही. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"मान वर कर," मी म्हणाले. "सहा वर्षं मी तुझी ही खोड मोडायला बघितली. आज सांगते, मोडू नकोस, आणि कुणासाठी वाकवूही नकोस. माझ्यासाठी तर नाहीच. तू मेली हट्टी आहेस, खोचक आहेस, आणि या घरात सगळ्यांत खरी आहेस. माझ्यानंतर हे घर तुझ्या हातात जाईल, त्याची मला आता काळजी नाही. घे पेन. लिही, खोळ सासूने शिवली, एक बाजू मोकळी ठेवायची अक्कल तिचीच. आणि खाली लिही, टाके सरळ होते."